आल्प्सला घाबरणारा युरोप आल्प्सच्या प्रेमात कसा पडला?

निळीशाई (धागाकर्ती)

१६४४ साली जिनिव्हाचे बिशप सुमारे तीनशे माणसांची मिरवणूक घेऊन आल्प्समधल्या शामोनीच्या खोऱ्यातल्या एका हिमनदीपाशी गेले. (पदवी जिनिव्हाची, पण शहर प्रॉटेस्टंट झाल्यामुळे बसायचे आनसी गावात.) तिथे त्यांनी विधिवत प्रार्थना करून हिमनदीला मागे हटायला सांगितलं. हसण्याआधी हे लक्षात घ्या की त्या शतकांत युरोपात थंडी वाढलेली होती. हिमनद्या खाली सरकत होत्या, कुरणं, शेतं, घरं गिळत होत्या. खोऱ्यातल्या लोकांनी देवाला साकडं घातलं ते पोटासाठी.

पुढे १७४१ मध्ये विंडहॅम आणि पोकॉक नावाचे दोन इंग्रज गृहस्थ मित्रमंडळींसह, हत्यारबंद नोकर घेऊन त्याच बर्फावर आले. कशासाठी? बघायला. नुसतं बघायला! परत जाऊन त्यांनी वर्णन छापलं: वादळात उसळलेलं सरोवर तसंच्या तसं गोठावं, तसा हा बर्फ दिसतो. झालं, त्यांच्यामागून रीघ लागली.

या दोन भेटींमध्ये शंभर वर्षंही नाहीत. तेवढ्यात झालं काय, हा माझा प्रश्न आहे.

सतराव्या शतकातल्या सुशिक्षित युरोपियन माणसाला डोंगर आवडत नसे. इंग्लंडचा जॉन एव्हलिन १६४६ मध्ये इटलीतून सिम्प्लॉन खिंडीमार्गे आल्प्स ओलांडून गेला. त्याने रोजनिशीत लिहिलंय की लोंबार्डीचं मैदान साफसूफ करताना निसर्गाने जगाचा सगळा केरकचरा या बाजूला लोटला असावा. थॉमस बर्नेट हा पाद्री त्याच्याही पुढे गेला. १६८१ मध्ये त्याने सिद्धान्तच मांडला की देवाने पृथ्वी अंड्यासारखी गुळगुळीत घडवली होती, प्रलयात तिचं कवच फुटलं आणि आज दिसणारे डोंगर म्हणजे त्या मोडतोडीचे अवशेष. म्हणजे डोंगर पाहायचा आणि माणसाचं पाप आठवायचं. गंमत अशी की हाच बर्नेट आल्प्स ओलांडताना भारावून गेला होता. त्या अजस्र भग्नावशेषांबद्दल त्याने इतकं रंगून लिहिलंय की वाचणाऱ्याला प्रलयापेक्षा डोंगरच लक्षात राहतात.

झुरिकचा योहान शॉइख्झर हा माझा लाडका माणूस. वायुभारमापक घेऊन डोंगरांची उंची मोजत फिरणारा, वनस्पती गोळा करणारा पक्का शास्त्रज्ञ. आणि १७२३ च्या त्याच्या प्रवासग्रंथात आल्प्समधल्या ड्रॅगनांची सचित्र जंत्री आहे! कुठल्या भागात कुणाला कसा दिसला, पंख होते की नव्हते, सगळं. उंची मोजणारा आणि ड्रॅगन नोंदवणारा माणूस एकच. काळ बदलतो तेव्हा तो असा एकाच डोक्यात दोन्हीकडून राहत असतो.

मग गाडी सुसाट सुटली. बर्नचा आल्ब्रेख्त फॉन हालर याने १७३२ मध्ये आल्प्सवरची दीर्घ कविता छापली; तीत डोंगरातले गुराखी साधे, निर्मळ, शहरी भ्रष्टाचारापासून दूर. १७६१ मध्ये विचारवंत रूसोची जिनिव्हा सरोवराच्या काठावर घडणारी कादंबरी आली आणि तिथे वाचकांच्या वाऱ्या सुरू झाल्या. त्याच्या आदल्याच वर्षी सोस्यूर नावाच्या जिनिव्हाच्या तरुणाने माँ ब्लाँ हे आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर सर करण्याची वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं होतं. ८ ऑगस्ट १७८६ रोजी शामोनीचा डॉक्टर पाकार आणि स्फटिक शोधणारा बालमा माथ्यावर पोचले. दुसऱ्या वर्षी सोस्यूर स्वतः अठरा वाटाडे आणि यंत्रांचा पसारा घेऊन वर गेला. आकाशाचा निळेपणा मोजायला त्याने निळ्या छटांच्या कागदी पट्ट्यासुद्धा नेल्या होत्या.

आता माझं म्हणणं. ही आवड डोंगरात राहणाऱ्यांनी शोधली नाही. ज्यांचं जगणं डोंगराच्या लहरीवर नव्हतं त्यांनी शोधली. इंग्लंडात तोवर लांडगे कधीच संपले होते, दलदली उपसून शेतं झाली होती, मैदानांना कुंपणं पडली होती. रानटी काही उरलंच नव्हतं, म्हणून त्याची ओढ लागली. एडमंड बर्कने १७५७ मध्ये हेच तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगितलंय: संकट अंगाशी आलं की त्यात आनंद कसला, पण ते थोडं लांब असलं की तीच भीती सुख देते.

हिमनदी आणि आपण यांच्यातलं अंतर वाढलं, आणि त्या अंतरात सौंदर्यदृष्टी उगवली. पटतंय का बघा. नसेल तर भांडा.

गवतीचहा

वाचतेय. मस्त लिहिलंयस. पण ती हिमनदी हटली की नाही शेवटी?

निळीशाई

पुढे-मागे होत राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुन्हा पार खोऱ्याच्या तळापर्यंत आली होती. आता मात्र शामोनीच्या खोऱ्यातून दिसतही नाही. वर मोंतांव्हेरपर्यंत छोटी आगगाडी जाते, तिथून बर्फापर्यंत उतरायच्या पायऱ्या वर्षानुवर्षं वाढवत न्याव्या लागल्या आणि त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. वाटेत पाट्या आहेत, अमुक साली बर्फ इथपर्यंत होता.

पोथीबहाद्दर

लेख चांगला, सिद्धान्त गुळगुळीत. बर्नेटच्या पृथ्वीइतका.

'आधी सगळे घाबरत, अठराव्या शतकात सगळे प्रेमात पडले' ही मांडणी विसाव्या शतकात इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांनी लोकप्रिय केली आणि हल्लीचे इतिहासकार तिच्यावर बरीच टीका करतात. कारण अपवाद इतके आहेत की नियमच डळमळतो.

पहिला अपवाद इटालियन कवी पेट्रार्क. २६ एप्रिल १३३६ ला तो प्रोव्हान्समधल्या माँ व्हाँतूवर चढला, निव्वळ उंचावरून काय दिसतं ते बघायला. आता ते पत्र त्याने बऱ्याच वर्षांनी घोटून-घासून लिहिलं असावं असं अभ्यासक म्हणतात, शिवाय माथ्यावर पोचल्यावर तो संत ऑगस्टीनचं पुस्तक उघडतो आणि 'बाहेरचे डोंगर काय बघता, आत बघा' अशा अर्थाचा उतारा वाचून खजील होतो. म्हणून हा अपवाद अर्धाच धरा.

दुसरा मात्र पूर्ण आहे. कॉनराड गेस्नर, झुरिकचाच, शॉइख्झरच्या दीड-दोनशे वर्षं आधीचा. १५४१ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की देवाने आयुष्य दिलंय तोवर दरवर्षी फुलांच्या मोसमात एखादा तरी डोंगर चढायचाच. वनस्पती बघायला, शरीराला व्यायाम म्हणून आणि मनाच्या आनंदासाठी. १५५५ मध्ये तो लुसर्नजवळच्या पिलाटसवर गेला. या डोंगराची कथा माहीत नसेल तर सांगतो. येशूला सुळावर देणारा पाँटियस पिलात याचं प्रेत वरच्या तळ्यात आहे आणि कुणी खोडी काढली की तो वादळ सोडतो, अशी समजूत होती. लुसर्न शहराने वर जायला मनाई केली होती. १३८७ मध्ये मनाई मोडणाऱ्या सहा धर्मगुरूंना तुरुंगात टाकलं होतं. गेस्नर रीतसर परवानगी काढून गेला. आणि १५८५ मध्ये लुसर्नच्या एका पाद्र्याने लोकांसमक्ष तळ्यात दगड भिरकावून पिलाताला आव्हान दिलं. वादळ आलं नाही.

रूसोच्या दोनशे वर्षं आधी हे सगळं घडलंय. तेव्हा ना आगगाडी, ना हॉटेल, ना विमा. तुमचं 'सुरक्षित अंतर' इथे कुठे बसतं?

निळीशाई

झकास मुद्दा, पण मला वाटतं तो माझ्याच पारड्यात पडतो. गेस्नर शहरातला डॉक्टर. पिलाटसच्या पायथ्याला त्याची गुरं नव्हती. वादळ आलंच असतं तर तो खाली उतरून झुरिकला गेला असता. लुसर्न खोऱ्यातल्यांचं पीक झोपलं असतं. मनाई होती ती याच हिशेबाने, तुम्ही मजा करणार आणि भोगणार आम्ही. अंतर मैलांत मोजायला हवंच असं नाही.

मात्र 'अठराव्या शतकात अचानक' असं चित्र माझ्या लेखातून उभं राहत असेल तर त्यावर तुमचा प्रतिसाद हा उतारा. पिलाटसची गोष्ट मूळ लेखाइतकीच वाचली जावी.

आडरान

मूळ कारण सोडून चर्चा चाललीय. युरोपियन माणूस निसर्गाकडे शत्रू म्हणून बघत आला याचं कारण बायबल. 'पृथ्वी सत्तेखाली आणा' असा आदेशच आहे. आपल्याकडे नदी आई, डोंगर देव. त्यांना निसर्गप्रेम शिकायला अठरावं शतक उजाडावं लागलं यात नवल काय?

फटकळकाकू

आडरान, हा मुद्दा अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्येच मांडून झालाय, तोही तुमच्यापेक्षा नीट. पर्यावरणाच्या संकटाचं मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती दृष्टीत आहे असं ते म्हणाले. पण त्याच लेखाच्या शेवटी उपाय म्हणून त्यांनी पक्ष्यांना उपदेश करणाऱ्या असिसीच्या संत फ्रान्सिसचंच नाव सुचवलं, आणि १९७९ मध्ये पोपनी खरोखरच फ्रान्सिसला पर्यावरणाचा रक्षक संत म्हणून जाहीर केलं. रोगही त्याच घरातला आणि औषधही.

शिवाय बघा, बायबल तर बदललं नाही ना? तेच पुस्तक वाचून बर्नेटला डोंगरात पापाचे अवशेष दिसले आणि तेच वाचून जॉन रे या निसर्गाभ्यासकाने १६९१ मध्ये लिहिलं की डोंगर ही देवाची शहाणी योजना आहे, ते नसते तर झरे आणि नद्या आल्या कुठून असत्या? पुढच्या शतकात शिखरांना देवाची मंदिरं म्हणणारेही तेच पुस्तक उशाशी ठेवून झोपत. ग्रंथ तोच असून नजर बदलते तेव्हा कारण ग्रंथाबाहेर शोधावं लागतं.

प्राण्यांच्या बाबतीतही तसंच. मध्ययुगात फ्रान्समध्ये डुकरांवर खटले चालत. १४५७ मध्ये साविन्यी गावात एका मुलाला मारल्याबद्दल डुकरिणीला फाशी झाली आणि तिच्या सहा पिल्लांना पुराव्याअभावी सोडलं. वाचताना हसू येतं, पण त्यात जनावराला जबाबदार धरलंय, म्हणजे आपल्यातलंच मानलंय. मग सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त आला आणि जनावर म्हणजे यंत्र झालं. मग १७८९ मध्ये इंग्रज विचारवंत बेन्थम म्हणाला, त्यांना विचार करता येतो का हे विचारू नका, यातना होतात का ते विचारा. १८२२ मध्ये इंग्लंडात गुरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला. ही सरळ चढती रेघ नाहीये. डुकरिणीला विचाराल तर कुठलं शतक निवडेल, देव जाणे.

आणि नदी आई म्हणता, तर एकदा मुठेच्या पुलावर उभे राहून श्वास घ्या.

गवतीचहा

काकू =)) =))

आडरान

मुठेचा मुद्दा मान्य करायलाच लागतो, नाक आहे मला. पण तरी दोन्हीकडे मूळ दृष्टीत फरक होता असं माझं मत आहे आणि राहील.

झुरिककर

धागा उशिरा पाहिला. निळीशाई, तुमचा सिद्धान्त इथल्या डोंगरातल्या माणसांवर थोडा अन्याय करतो. त्यांना फक्त भीती होती आणि नजर बाहेरून आली, हे खरं नाही.

मध्य स्वित्झर्लंडच्या काही उंच कुरणांवर उन्हाळ्यात अजून गुराखी संध्याकाळी टेकाडावर उभा राहून दूध गाळायच्या लाकडी नरसाळ्यातून मोठ्याने प्रार्थना म्हणतो. आवाज पोचेल तिथवर गुरं, माणसं आणि कुरण सुरक्षित, ही श्रद्धा. त्यात भीती आहे, पण मालकी आहे, माया आहे. पर्यटकांच्या वर्णनात हे 'रम्य लोकजीवन' होऊन जातं.

दुसरं म्हणजे ज्ञान. १८१८ मध्ये वाले प्रांतातल्या बान्य खोऱ्यात झिएत्रो हिमनदीच्या बर्फाने नदी अडवली, मागे तळं साचलं. वेनेत्स नावाच्या अभियंत्याने बर्फात बोगदा खोदून पाणी काढायला सुरुवात केली होती, तरी १६ जूनला बांध फुटला आणि चाळीसहून जास्त माणसं गेली. याच खोऱ्यात पेरोदाँ नावाचा शिकारी राहायचा. तो लोकांना सांगत असे की खोऱ्यात खाली पडलेले हे अवाढव्य धोंडे आणि खडकांवरचे हे ओरखडे हिमनदीचेच, म्हणजे कधीकाळी बर्फ सगळं खोरं भरून होता. शिकलेले लोक हसत, कारण धोंडे प्रलयाच्या पाण्याने आणले असं तेव्हा मानत. वेनेत्सला मात्र पटलं. त्याच्याकडून ती कल्पना शार्पांतिए या भूगर्भशास्त्रज्ञाकडे आणि त्याच्याकडून लुई आगासी या निसर्गशास्त्रज्ञाकडे गेली, आणि आगासीने १८३७ मध्ये हिमयुग जगापुढे मांडलं. सगळ्या पाठ्यपुस्तकांत आगासी आहे.

माँ ब्लाँचंही तेच. शामोनीत बालमा आणि सोस्यूर यांचा जोडपुतळा १८८७ चा. डॉक्टर पाकारचा स्वतंत्र पुतळा उभा राहायला १९८६ उजाडलं. आणि वर पोचलेली पहिली बाई १८०८ ची मारी पारादी, तिथलीच मोलकरीण.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूची. वाले प्रांतातच आलेच हिमनदीखाली फीश आणि फीशरताल ही गावं आहेत. १६७८ मध्ये गावकऱ्यांनी नवस केला: आम्ही सदाचाराने राहू, प्रार्थना करू, हिमनदी पुढे येऊ देऊ नकोस. पुढे त्याची वार्षिक मिरवणूकही सुरू झाली. आलेच ही आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी, अजूनही वीसएक किलोमीटरची, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तीनेक किलोमीटर आटलीय. गावकऱ्यांना कळेना की आता मागायचं काय. नवस परस्पर फिरवता येत नाही, म्हणून त्यांनी रोमकडे रीतसर परवानगी मागितली. २०१० मध्ये ती मिळाली. आता ते बर्फ वाढू दे म्हणून प्रार्थना करतात.

पोथीबहाद्दर

ही नवसाची गोष्ट माहीत नव्हती. वाचनखूण साठवली आहे.

निळीशाई, हे तुमच्या बाजूचं कसं, ते कळलं नाही. इथे तर डोंगरात राहणारे, हिमनदीवर पोट असणारेच तिच्यासाठी प्रार्थना करतायत.

निळीशाई

तेच तर! ती धोक्याची उरली नाही म्हणून करतायत. शिवाय आता पोट उलट बाजूने तिच्यावर आहे: उन्हाळ्यात पाणी तिचं, वीज तिच्या पाण्यावर, पर्यटक तिच्यासाठी येणार. १६४४ मध्ये ती जवळ येऊन मारत होती, आता लांब जाऊन मारतेय.

झुरिककर, पेरोदाँबद्दल मनापासून आभार. फक्त ज्ञान आणि आवड यात मी फरक करते. पेरोदाँला हिमनदी कुणाहीपेक्षा जास्त कळत होती. तो सुट्टी काढून तिच्याकडे बघत बसत होता का? नसावा. सुट्टीच नव्हती त्याला.

वेण्णाकाठ

थोडं अवांतर, पण धागा घरापर्यंत आणतो. ही नवी नजर बोटीत बसून आपल्याकडेही आली. १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कम यांनी महाबळेश्वरला थंड हवेचं ठिकाण वसवायला घेतलं, पुढच्या वर्षी साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांना वाईकडचं खंडाळा गाव देऊन जागा मिळवली. आमचे लोक त्याआधी शतकानुशतकं तिथे जात होतेच, पण जात ते क्षेत्र महाबळेश्वरला, कृष्णेच्या उगमाशी. साहेब गेला कड्याच्या टोकाला. आर्थर सीट काय, केट्स पॉइंट काय, जिथून खाली बघून पोटात गोळा येईल अशा प्रत्येक जागेला नाव दिलं, रस्ता केला, कठडा बांधला. तुमच्या त्या बर्कचं थोडं लांबचं संकट म्हणतात ते हेच, कठड्यासकट. आता आपण सगळे मक्याचं कणीस खात तिथेच उभे राहतो आणि उगमाला पाच मिनिटं देतो.

याच काळात, १८४७ मध्ये, अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. उतारावरचं रान तोडून, जाळून नाचणी-वरी पेरणाऱ्यांवर बंधनं आली. जंगल वाचायला हवं हे गिब्सनना खरंच कळत होतं, झाडं गेली की झरे आटतात असं ते सरकारला लिहीत. आणि सरकारला सागवान गोदीसाठी हवं होतं. दोन्ही गोष्टी एकाच फाइलीत. नाचणीवाल्याला मात्र दोन्हींमुळे उठावं लागलं.

फटकळकाकू

हे अवांतर नाही, यावर वेगळा धागा काढा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

आडरान

झुरिककर, एक प्रश्न. तिकडे आता लांडगे परत आलेत म्हणतात. त्यांच्याबद्दल लोक काय म्हणतात? निळीशाईंच्या सिद्धान्ताची परीक्षा तिथेच होईल.

झुरिककर

नेमकं विचारलंत. एकोणिसाव्या शतकात इथले लांडगे मारून संपवले होते. गेल्या शतकाच्या अखेरीस ते इटलीकडून आपल्या पायांनी परत आले, २०१२ मध्ये ग्राउबुंडेनमध्ये पहिला कळप नोंदला गेला. आता तीसच्या वर कळप आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये लांडगे मारणं सोपं करणाऱ्या कायद्यावर सार्वमत झालं आणि तो ५१.९ टक्के मतांनी पडला. नकाशा बघण्यासारखा होता: वाले आणि ग्राउबुंडेनसारखे डोंगरी प्रांत 'मारू द्या' म्हणाले, बाझल, जिनिव्हा, झुरिकने 'नको' म्हटलं. अर्थात संसदेने दोनच वर्षांत कायदा पुन्हा बदलला आणि २०२३ च्या डिसेंबरपासून नुकसान होण्याआधीच लांडगे मारायला परवानगी मिळाली.

निळीशाई

ट्रामने फिरणाऱ्या शहरवाल्यांनी लांडगा वाचवला आणि मेंढ्या गेल्या दुसऱ्यांच्या. मला आणखी काही म्हणायचं नाही :)

झुरिककर

म्हणू नका, कारण पुढचं ऐका. लांडग्यांपासून बचाव म्हणून मेंढपाळांनी कळपात मोठे राखणदार कुत्रे ठेवायला सुरुवात केली, सरकार त्यासाठी पैसेही देतं. कुत्रे आपलं काम चोख करतात, म्हणजे कळपाजवळ येणाऱ्या प्रत्येकावर भुंकत धावून जातात. त्यामुळे पायवाटांवर आता पाट्या आहेत: थांबा, काठी उगारू नका, कळपाला लांबून वळसा घाला. माझा शेजारी दर शनिवारी डोंगरात जाणारा, लांडग्याच्या बाजूने हिरिरीने मत देऊन आलेला. मागच्या उन्हाळ्यात एका कुत्र्याने त्याला वाटेवरच रोखून धरलं, तर घरी येऊन त्याने पहिलं काम काय केलं असेल? ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं की हे कुत्रे हटवा.